जिल्ह्याचे पान कोण जपणार? विद्यापीठ ग्रंथालयातील माध्यम अभ्यासाच्या संग्रहाविषयी

विद्यापीठात माध्यम अभ्यासाचा अभ्यासक्रम नव्याने आखला गेला, की ग्रंथालयाकडे सर्वांत आधी येते ती संदर्भग्रंथांची यादी. तिच्यात संज्ञापनाची (कम्युनिकेशनची) इंग्रजी पाठ्यपुस्तके असतात, वृत्तलेखनाची मराठी पुस्तके असतात, जाहिरात आणि जनसंपर्क यांवरची काही नावे असतात. आणि मार्चअखेरपूर्वी अनुदान खर्ची पडावे म्हणून ती कोटेशनसह लगोलग ग्रंथालय समितीपुढे जाते. खानदेशातल्या विद्यापीठ ग्रंथालयात काम करताना अशा याद्या मी पुष्कळ हाताळल्या आहेत आणि त्या निरुपयोगी असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तक हवेच. परंतु केवळ अशा याद्यांवर उभा राहिलेला संग्रह पुण्यात, नागपुरात किंवा भोपाळमध्ये असता तरी तसाच असता, आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील माणसे गेली दीडशे वर्षे काय वाचत, ऐकत आणि पाहत आली हे त्यातून कोणालाही कळले नसते. माझे म्हणणे असे आहे, की जे इतरत्र सहज मिळते त्यावर ग्रंथालयाने बेताचाच पैसा आणि जागा खर्चावी, आणि जे आपण ठेवले नाही तर कोठेच उरणार नाही, त्याकडे संग्रहाचा मोठा भाग वळवावा.

इतरत्र मिळणाऱ्या गोष्टींचा विचार प्रथम करू, कारण त्या बाबतीत गेल्या काही वर्षांत परिस्थिती खरोखरच बदलली आहे. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० संशोधनपत्रिका असा तिचा आवाका असून शासकीय उच्च शिक्षण संस्थांना त्या पत्रिका विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्रामार्फत खुल्या झाल्या आहेत. माध्यम अभ्यासातील महत्त्वाच्या आंतरराष्ट्रीय पत्रिका ज्या मोठ्या प्रकाशनसंस्था काढतात, त्यांपैकी अनेक या ३० मध्ये आहेत. एका पत्रिकेच्या वार्षिक वर्गणीत येथे मराठी पुस्तकांचे एक कपाट भरत असे. त्या वर्गणीचे ओझे आता डोक्यावरून उतरले आहे. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन भांडारात आहेत. तेव्हा या सामग्रीसाठी ग्रंथालयाचे काम खरेदीचे राहिलेले नाही. नंदुरबारच्या डोंगराळ भागातल्या धडगावहून आलेल्या विद्यार्थ्याला ती शोधायची कशी आणि वाचायची कशी, हे शेजारी बसून शिकवण्याचे राहिले आहे. या कामाला मनुष्यबळ लागते आणि ते खरेदीच्या यादीत कधीच दिसत नाही.

दुसरी इतरत्र मिळणारी आणि तरीही दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे अहवाल. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली अहवाल दिला. वृत्तपत्र निबंधकाचे कार्यालय १९५६ मध्ये सुरू झाले आणि पुढे वृत्तपत्र परिषदेसाठी कायदा झाला, त्यामागे या आयोगाच्या शिफारशी होत्या. त्यानंतरचा दुसरा आयोग, आकाशवाणीविषयीची चंदा समिती, स्वायत्ततेविषयीची वर्गीस समिती, दूरदर्शनविषयीची पी. सी. जोशी समिती, यूनेस्कोसाठी काम केलेल्या मॅकब्राइड आयोगाचा १९८० चा अहवाल, ही सगळी मूळ साधने आहेत आणि यांपैकी बरीचशी विनामूल्य वाचता येतात. यूनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेला शेतकरी श्रोता मंडळांच्या प्रयोगाचा अहवाल तर मी प्रत्येक तुकडीला मुद्दाम दाखवते. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ मध्ये पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापून, कार्यक्रम ऐकल्यानंतर गावकऱ्यांनी काय चर्चा केली आणि पुढे काय केले, हे नोंदवले होते. विकास संज्ञापन (विकासकामांसाठी माध्यमांचा वापर) हा विषय दूरच्या देशांतल्या सिद्धांतांपासून सुरू होतो अशी समजूत असलेल्या विद्यार्थ्याला आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत हा अभ्यास झाला होता हे कळते, तेव्हा त्याची वाचण्याची रीतच बदलते. असे अहवाल विकत घ्यावे लागत नाहीत, पण त्यांची ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) रीतसर नोंद केली नाही तर ते आपल्याकडे नसल्यातच जमा असतात. कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक अहवालाची स्वतंत्र नोंद, मराठी विषयशीर्षके आणि दुवा, एवढे काम केले की पुरते.

मराठी पुस्तकांचा प्रश्न वेगळा आहे आणि तेथे मात्र पैसा हात न आखडता खर्च करावा. पत्रकारितेवरील मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या लहान असतात, प्रकाशक गावोगावी विखुरलेले असतात आणि एकदा संपलेले पुस्तक पुन्हा छापले जाईलच असे नसते. रा. के. लेले यांचा मराठी वृत्तपत्रांचा इतिहास ज्या ग्रंथालयाने वेळेवर घेतला नाही, त्याला तो आज जुन्या पुस्तकांच्या बाजारात शोधावा लागतो. संपादकांची आत्मचरित्रे, वार्ताहरांच्या आठवणी, वृत्तपत्रांचे सुवर्णमहोत्सवी विशेषांक, पत्रकार संघांच्या स्मरणिका, तालुक्याच्या गावी निघालेले दिवाळी अंक, यांतले काहीच ठोक विक्रेत्याच्या यादीत येत नाही. त्यासाठी ग्रंथपालाला जळगावच्या, धुळ्याच्या, अमळनेरच्या प्रकाशन समारंभांना स्वतः जावे लागते, आणि सवलतीच्या दराचा आग्रह सोडून लेखकाकडूनच दोन प्रती घ्याव्या लागतात. लेखापरीक्षणात त्यावर प्रश्न येतो; त्याचे उत्तर समितीच्या ठरावात आधीच लिहून ठेवावे.

पुस्तके आली की ती कोठे ठेवायची, हा या विषयापुरता मोठाच पेच आहे. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात माध्यमांचा सामाजिक अभ्यास ३०२.२३ मध्ये जातो, पत्रकारिता ०७० मध्ये, भारतातील वृत्तपत्रांचा इतिहास ०७९.५४ मध्ये, नभोवाणी व दूरचित्रवाणीचा उद्योग ३८४ मध्ये, जाहिरात ६५९.१ मध्ये, माध्यमविषयक कायदा ३४३.०९९ मध्ये, चित्रपट ७९१.४३ मध्ये आणि छायाचित्रण ७७० मध्ये. एकाच अभ्यासक्रमाची पुस्तके अशी सामान्य विभागापासून कलांपर्यंत साऱ्या दालनांत विखुरतात. सगळी पुस्तके उचलून एका कपाटात आणावीत अशी सूचना प्राध्यापकांकडून वारंवार येते. मी तिच्या विरोधात आहे, कारण ३८४ मधले पुस्तक वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही लागते आणि ३४३ मधले विधी शाखेला. पुस्तके जागच्या जागी राहू द्यावीत आणि विषयाची एक चांगली मार्गदर्शिका तयार करावी. कोणता प्रश्न घेऊन कोणत्या दालनात जायचे हे तिच्यात सलग मजकुरात सांगितलेले असावे. आमच्याकडे हे पत्रक प्रवेशद्वाराशी ठेवलेले असते आणि देवघेव विभागातले कर्मचारीच ते सर्वांत जास्त वापरतात.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माध्यम अभ्यासाच्या विद्यार्थ्याला खरोखर लागते ते माध्यम: वर्तमानपत्राचा अंक, नभोवाणीचा कार्यक्रम, केबलवरची बातमी, निवडणुकीचे पत्रक. खानदेशात याचा इतिहास लहान नाही. धुळ्याहून ‘खानदेश वैभव’ निघत असे, जळगावहून ‘प्रबोधचंद्रिका’. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावात ‘काव्यरत्नावली’ सुरू केले आणि केवळ कवितेला वाहिलेले ते मासिक अनेक वर्षे चालवले. साने गुरुजींनी अमळनेरला शाळेच्या छात्रालयात हाताने लिहिलेले दैनिक काढले, १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले आणि १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिक. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्याचे वृत्तांकन पुण्या-मुंबईच्या दैनिकांत कसे आले हे सापडते. पण त्याच दिवसांत यावल-रावेरच्या वाचकाच्या हाती काय पडले, हे शोधायला गेलो की वाट बिकट होते.

बिकट होण्याची कारणे आहेत. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकांच्या प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांकडे जाव्यात आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्यात आली. परंतु एका दैनिकाच्या मुख्य आवृत्तीचा अंक तेथे पोहोचणे वेगळे आणि त्याच दैनिकाच्या जळगाव आवृत्तीतील चोपडा-अमळनेरचे पान पोहोचणे वेगळे. तालुक्यातून निघणारी चार पानी साप्ताहिके तर तितक्या दूर क्वचितच जातात. खानदेशाचे स्वतःचे विद्यापीठ १९९० मध्ये, पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन, स्थापन झाले. त्याआधी या जिल्ह्यांतील वृत्तपत्रे पद्धतशीर गोळा करण्याची जबाबदारी कोणत्याही विद्यापीठ ग्रंथालयावर खऱ्या अर्थाने नव्हती. जे उरले ते जळगावच्या व. वा. वाचनालयासारख्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांच्या आणि काही घरांच्या आस्थेमुळे. एकोणिसाव्या शतकातल्या काही पत्रांचा मजकूर तर आज प्रामुख्याने ब्रिटिश सरकारच्या देशी वृत्तपत्रांवरील साप्ताहिक गोषवाऱ्यांतून, म्हणजे सरकारी भाषांतरकाराला जेवढा उतारा महत्त्वाचा वाटला तेवढाच आणि तोही इंग्रजीतून, आपल्यापर्यंत येतो. पाळत ठेवणाऱ्याच्या वहीतून वृत्तपत्राचा इतिहास लिहावा लागणे ही मला फार खेदाची गोष्ट वाटते, आणि आजच्या साप्ताहिकांच्या बाबतीत तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती तशी वहीही नसेल.

ई-पेपर आल्यावर हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. तो सुटलेला नाही. अनेक दैनिकांच्या संकेतस्थळांवर मागचे अंक काही काळच राहतात, नंतर ते निघतात किंवा दुवा बदलतो. आणि आवृत्ती बंद झाली की तिची सगळी पाने एकदमच जातात. म्हणून आम्ही तिन्ही जिल्ह्यांच्या आवृत्त्यांचे कागदी अंक घेत राहावे, ते रद्दीत घालू नयेत, आणि तालुक्याच्या साप्ताहिकांची वर्गणी संपादकाकडे थेट भरावी, यावर मी ठाम आहे. मोठ्या दैनिकांची मुंबई आवृत्ती मात्र आम्ही तीन महिन्यांनंतर संग्रहातून काढून टाकतो, कारण ती सांभाळणारे इतर आहेत.

अंक ठेवायचा म्हणजे काय ठेवायचे, हे येथे थोडे तपशिलाने सांगते. नियतकालिक विभागात सकाळी अंक येतो तेव्हा आमचा सहायक पहिल्या पानावरचे आवृत्तीचे नाव पाहतो, पुरवण्या मोजतो आणि शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली प्रिंट लाइन वाचतो. मुद्रक, प्रकाशक, संपादक, छपाईचे ठिकाण आणि नोंदणी क्रमांक यांची ती दोन ओळींची बारीक अक्षरांतली नोंद वर्षानुवर्षे तशीच राहते आणि एके दिवशी तिच्यातले एक नाव बदलते. त्या बदलाची तारीख आम्ही वेगळ्या नोंदवहीत लिहितो. याहून मोलाचा आहे तो ‘नमुना क्रमांक ४’. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांनुसार प्रत्येक नियतकालिकाने दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीविषयीचे निवेदन छापायचे असे. मालक कोण, भागीदार कोण, भांडवलात एक टक्क्याहून अधिक वाटा कोणाचा, हे सारे त्या चौकटीत येत असे. वाचक ती चौकट बघतही नसे. पण एखाद्या जिल्ह्यातील वृत्तपत्रांची मालकी साखर कारखान्याकडे, शिक्षणसंस्थेकडे, बांधकाम व्यावसायिकाकडे कशी गेली किंवा गेली नाही, याचा अभ्यास करायचा तर मार्चमधल्या त्या अंकांची सलग रांग हे सर्वांत विश्वसनीय साधन आहे. जुन्या फायलींतून थोडीच पाने स्कॅन करण्याइतका वेळ असेल, तर मी प्रत्येक वर्षाचा मार्चचा पहिला अंक आधी घेते.

बांधणीचेही असेच आहे. वृत्तपत्रांची फाईल बांधणारा कारागीर कडा सरळ दिसाव्यात म्हणून वरची आणि खालची बाजू यंत्रावर कापतो, आणि त्या कापात वर तारखेची ओळ जाते, खाली प्रिंट लाइन. डावीकडे भोके पाडून दोर घट्ट ओढला की आतला स्तंभ शिवणीत गडप होतो आणि स्कॅनरखाली तो उघडत नाही. म्हणून बांधणीच्या कामाच्या आदेशात ‘कडा कापू नयेत, महिन्याची एकच फाईल, शिलाई सैल’ असे आम्ही स्पष्ट लिहितो आणि पहिली फाईल समोर बसून बांधून घेतो.

एका तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या घरी गेले होते. संपादक वारले होते. त्यांच्या मुलाचे शेती-अवजारांचे दुकान आहे. माळ्यावरचे गठ्ठे खाली काढत तो म्हणाला, “ताई, हाई रद्दी शे. कोणी वाचणार आहे का आता?” गठ्ठ्यांत अंक होतेच, पण त्यांच्याखाली एका पत्र्याच्या पेटीत जाहिरातींची दरपत्रके होती, वर्गणीदारांची गाववार वही होती, वार्ताहरांची पत्रे होती आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातींचे पैसे कोणाकडून यायचे राहिले त्याची यादी होती. अंकांमधून वृत्तपत्र काय म्हणाले ते कळते. या पेटीतून ते चालले कसे ते कळते. कोणत्या गावात किती अंक जात, एस.टी.च्या कोणत्या गाडीने जात, वार्ताहराला मानधन मिळे की जाहिरातींतला हिस्सा, हे सारे त्या कागदांत होते. जिल्ह्याच्या पत्रकारितेचे अर्थकारण समजून घ्यायचे असेल तर अशा पेट्या मिळवल्याच पाहिजेत, आणि त्या मिळवताना घरच्यांशी लेखी करारही केलाच पाहिजे, कारण त्या पत्रांत जिवंत माणसांची नावे आणि त्यांची उणीदुणी असतात. त्या मुलाने अंक दिले, दरपत्रके दिली आणि पत्रांची पेटी वडिलांच्या पिढीतील माणसे आहेत तोवर अभ्यासकांनाही उघडू नये अशी अट घातली. ती रास्त होती आणि करारात तशीच नोंदली आहे.

हे कागद टिकवायला खानदेशाचे हवामान अवघड आहे. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या यांत्रिक लगद्याचा असतो. त्यातले लिग्निन प्रकाशाने आणि हवेने पिवळे पडते, कागदात आम्ल तयार होते आणि तंतू तुटत जातात. उष्णतेने ही क्रिया वेग घेते, आणि भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवलेली फाईल तशीच पुण्यात ठेवलेल्या फाइलीच्या मानाने लवकर ठिसूळ होते. म्हणून आमच्या ग्रंथालयात जुन्या फायली तळमजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, आडव्या ठेवलेल्या आहेत. वातानुकूलन दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवण्यापेक्षा खोली सतत एकसारखी राहणे कागदाला अधिक मानवते. वीजबिलाच्या चर्चेत हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

स्कॅनिंग हा जतनाचा दुसरा भाग. पुस्तकाचा सपाट स्कॅनर येथे चालत नाही. वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर लागतो, पानाची घडी हाताने सपाट करावी लागते आणि निदान ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपक्यांची) टिफ स्वरूपातली प्रतिमा मूळ प्रत म्हणून ठेवावी लागते. वाचकासाठी पीडीएफ त्यावरून करता येते. देवनागरीचे अक्षर-ओळखीचे तंत्र आता पुष्कळ सुधारले असले तरी खिळ्यांच्या छपाईतील तुटकी अक्षरे त्याला नीट वाचता येत नाहीत, म्हणून मथळे तेवढे आम्ही हाताने टंकून घेतो. प्रताधिकाराबाबत सावध राहावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, आपल्याकडे कागदी प्रत असेल तर, जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवता येते. ती प्रत सर्वांसाठी महाजालावर टाकण्याची परवानगी मात्र त्यातून मिळत नाही. लेखकाचे नाव नसलेल्या मजकुराचा प्रताधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, नाव असलेल्याचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. त्यामुळे नव्या फायली ग्रंथालयाच्या आवारातच वाचाव्या लागतात, आणि संपादकांकडून लेखी संमती मिळेल तेथे त्या खुल्या करता येतात. बहुतेक छोट्या साप्ताहिकांचे संपादक संमती आनंदाने देतात.

कागदाबाहेरची माध्यमे याहून नाजूक आहेत. प्रसारणाच्या जगात चुंबकीय फिती महाग असल्यामुळे त्यांच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण करण्याची रीत सर्वत्र होती आणि स्थानिक कार्यक्रमांना तिची झळ सर्वांत अधिक लागली. जळगाव व धुळे आकाशवाणीवर गायलेल्या, बोललेल्या, भाव आणि हवामान सांगणाऱ्या कलावंत-निवेदकांच्या घरी मात्र कॅसेट सापडतात, कारण कार्यक्रम लागला की घरातले कोणी तरी टेपरेकॉर्डर लावून बसत असे. त्या कॅसेट मिळवून डिजिटल करणे हे आजचे काम आहे. दहा वर्षांनी त्यांच्यावरचा थर आणि त्या चालवणारे यंत्र, दोन्ही मिळणार नाहीत. स्थानिक केबल वाहिन्यांचे तर एकेका संगणकाच्या हार्ड डिस्कवर सारे काही असते, आणि ती भरली की जुने पुसले जाते.

आणि मग खानदेशाची भाषा, अहिराणी. नाशिक जिल्ह्यातील, पण खानदेशाच्या वेशीवरच्या मालेगावात यंत्रमागाच्या आणि व्हिडिओ पार्लरच्या वातावरणात स्थानिक चित्रपट तयार होऊ लागले. त्यानंतर मालेगाव, धुळे, जळगाव या पट्ट्यात खानदेशी विनोदी चित्रफितींची आणि अहिराणी गाण्यांची यूट्यूबवर जी निर्मिती झाली, ती आज येथील माणसाचे रोजचे माध्यम आहे. लग्नाच्या वरातीत वाजते ते हेच. अहिराणीचे वृत्तपत्र कधी फारसे नव्हते. या भाषेला इतका मोठा श्रोता-प्रेक्षक पहिल्यांदाच मिळाला आहे आणि त्याच्या प्रती ग्रंथालयांत फारशा सापडू नयेत हे मला अक्षम्य वाटते. यूट्यूबवरून परस्पर उतरवून घेणे योग्य नाही. निर्मात्याकडे जावे, मूळ फाईल मागावी, संमतिपत्र घ्यावे, त्याला एक प्रत सुरक्षित ठेवल्याची पावती द्यावी. फाईल आली की तिची चेकसम (फाईल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा) नोंदवून ती तीन ठिकाणी ठेवावी, त्यांतले एक ठिकाण विद्यापीठाच्या बाहेर असावे.

नोंद करताना येथे एक अडचण येते. ग्रंथालये संगणकीय नोंदींसाठी वापरतात त्या ‘मार्क’ पद्धतीच्या भाषासूचीत अहिराणीला स्वतःचा संकेत नाही. तिला इतर भारतीय भाषांच्या एका सामूहिक संकेतात टाकले जाते, आणि घाईत तर सरळ ‘मराठी’ लिहिले जाते. आयएसओ ६३९-३ या मानकात मात्र अहिराणीसाठी ‘एएचआर’ हा संकेत आहे, आणि संकेत कोणत्या सूचीतून घेतला ते सांगून तो नोंदीच्या ०४१ क्षेत्रात देता येतो. आम्ही तो देतो. आज हा संकेत दिला नाही, तर वीस वर्षांनी ‘अहिराणीतील सारी चित्रफीत-सामग्री दाखवा’ असे विचारणाऱ्या अभ्यासकाला तालिका शून्य उत्तर देईल, आणि सामग्री कपाटात असूनही हरवलेली असेल.

नंदुरबारचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. सरदार सरोवर प्रकल्पात महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, ती सारी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. या विस्थापनाविषयी इंग्रजी वृत्तपत्रांनी, परदेशी समित्यांनी आणि नर्मदा बचाव आंदोलनाने भरपूर लिहिले आहे. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा १९९२ चा अहवाल कोठेही वाचता येतो. त्याच काळात धुळे आवृत्तीच्या आतल्या पानावर बुडिताखालच्या मणिबेली गावाची बातमी किती ओळींची होती, तिच्यात पावरा आणि भिल्ल माणूस स्वतः बोलत होता की त्याच्याविषयी अधिकारी बोलत होता, हे पाहायचे तर जिल्ह्याच्या फायली समोर असाव्या लागतात. मी ही दोन्ही सामग्री एकाच टेबलावर ठेवते. मागे एका विद्यार्थिनीने आठवड्याभराच्या अंकांत बोलणाऱ्या व्यक्तींची नावे मोजण्याचे काम केले, आणि तिच्या लघुप्रबंधातील तो तक्ता कोणत्याही पाठ्यपुस्तकातून येणारा नव्हता. पावरी आणि भिली भाषांतील गाणी, प्रचारफिती किंवा आरोग्यखात्याच्या ध्वनिफिती गोळा करताना मात्र ज्यांचा आवाज आहे त्यांना विचारून, आणि प्रत त्यांच्या गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत देऊनच, संग्रहात घ्याव्यात.

निवडणुकीच्या काळात जिल्हास्तरावर माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती काम करते, जिल्हा माहिती कार्यालयात रोजची कात्रणे काढली जातात. ही कात्रणे उपयोग संपल्यावर ग्रंथालयाकडे यावीत यासाठी प्रत्येक जिल्ह्याशी लेखी बोलणे करता येते. पत्रके, डमी मतपत्रिका, प्रचारगीतांच्या ध्वनिफिती आम्ही विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच गावांतून मागवतो. प्रत्येक पक्षाचे सारख्याच नियमाने, कोणते चांगले कोणते वाईट हे न ठरवता. पाकिटाच्या मागे गाव, तारीख आणि ते कसे हाती आले, एवढे लिहिलेले असले की ते साधन होते. नाही तर तो नुसता कागद.

खर्चाविषयी एवढेच सांगते, की या सर्व कामाला पुस्तकखरेदीच्या मानाने पैसा कमी लागतो, पण तो ‘ग्रंथ’ या लेखाशीर्षाखाली बसत नाही: प्रवास, खोकी, हार्ड डिस्क, एक प्रशिक्षित माणूस. संग्रहविकास धोरणाच्या मसुद्यात त्यासाठी स्वतंत्र शीर्ष मागितले आहे आणि काय घेणार नाही तेही लिहिले आहे: परीक्षेची गाइडे, ज्यांची ई-प्रत योजनेतून मिळते ती छापील पत्रिका, आणि मालकाची संमती नसलेली कोणतीही खासगी कागदपत्रे.

ज्यांच्या घरी, छापखान्यात किंवा वाचनालयात जुन्या अंकांचे गठ्ठे असतील त्यांना विनंती आहे, की ते उन्हात वाळवू नयेत, त्यांत डांबराच्या गोळ्या घालू नयेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नयेत. गठ्ठ्याची सुतळीही सोडू नये, कारण अंक ज्या क्रमाने ठेवले तो क्रमही आम्हाला हवा असतो. गावाचे नाव, गठ्ठा कोणाकडचा आणि साधारण कोणत्या वर्षांचा, एवढे एका कागदावर पेन्सिलीने लिहून वर ठेवावे आणि पावसाळा लागण्यापूर्वी आपल्या जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना कळवावे. गाडी आणि खोकी घेऊन आम्ही येतो.